फेरिटिनचा बाण आणि हृदयाचा हिशेब

आरोग्य तपासणीचे पॅकेज घेतले की हल्ली पंधरा-वीस पानांचा रिपोर्ट मोबाइलवर येऊन पडतो. त्यात साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या जोडीला ‘फेरिटिन’ नावाचा एक आकडा असतो. फेरिटिन म्हणजे पेशींमध्ये लोह साठवून ठेवणारे प्रथिन. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो आणि त्यावरून शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज बांधतात. काही वर्षांपूर्वी हा शब्द फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. करोनाच्या काळात तो घरोघरी पोचला आणि भीती घेऊनच पोचला.

समजा, एकाच घरातले दोन रिपोर्ट समोर आहेत. नवरा अठ्ठेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेले, फेरिटिन ३८०. बायको चव्वेचाळीस वर्षांची, हिमोग्लोबिन साडेनऊ, फेरिटिन ७. दोघांचेही एलडीएल कोलेस्टेरॉल १४०च्या आसपास आणि त्यापुढे प्रयोगशाळेने छापलेला सौम्य शब्द, ‘बॉर्डरलाइन’. घरात चर्चा कशाची होते? नवऱ्याच्या फेरिटिनची. कारण त्याच्यापुढे वर जाणारा लाल बाण आहे, आणि ‘शरीरात लोह वाढले की हार्ट अटॅक येतो’ हे कुठेतरी वाचलेले असते. मग लोखंडी कढई माळ्यावर जाते, पालेभाजी कमी होते. बायकोही लोहाच्या गोळ्या बंद करते; तशाही त्या पोटाला सोसत नसतात. एलडीएलच्या आकड्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

लोहाची ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. तिच्यामागे वैद्यकशास्त्रातला एक खरोखर सुंदर तर्क आहे. तो कुठून निघाला आणि कुठे अडला हे कळले, तर त्या रिपोर्टमधले बाकीचे आकडेही नीट वाचता येतात.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. तिथे १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन एक अभ्यास सुरू झाला आणि तो पुढच्या पिढ्यांपर्यंत चालू राहिला. रक्तदाब, धूम्रपान, कोलेस्टेरॉल यांना आज आपण हृदयविकाराचे ‘रिस्क फॅक्टर’ म्हणतो, तो शब्दप्रयोग वैद्यकात रुळला तो याच अभ्यासामुळे. त्यात एक गोष्ट ठळक दिसली. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांत हृदयविकार अत्यंत विरळ होता आणि पाळी गेल्यावर धोका वाढत होता. सर्वांनी याचे श्रेय इस्ट्रोजेन या संप्रेरकाला दिले. पण एक निरीक्षण त्यात बसत नव्हते. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत, बीजांडकोश जागेवर ठेवलेले असले तरीही, धोका वाढलेला दिसत होता. इस्ट्रोजेन तर बीजांडकोशात तयार होते. मग त्यांचे संरक्षण का गेले?

जेरोम सलिव्हन या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख लिहून वेगळे उत्तर सुचवले. स्त्रीला वाचवते ते संप्रेरक नव्हे, दर महिन्याला होणारा रक्तस्राव. रक्तासोबत लोह जाते, साठा कमी राहतो आणि कमी साठा हृदयाला मानवतो. पाळी थांबली, मग ती वयाने असो वा शस्त्रक्रियेने, की साठा वाढू लागतो आणि स्त्री पुरुषांच्या रांगेत येऊन बसते.

या तर्काची मोहिनी समजायला शरीरातला लोहाचा व्यवहार पाहावा लागतो. प्रौढ माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढे. रोजच्या जेवणातून आत शिरते ते जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम. जुन्या तांबड्या पेशी मोडून त्यातले लोह पुन्हा वापरण्याची सोय मात्र इतकी चोख आहे की रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह असे फिरत राहते. गंमत अशी की जास्तीचे लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाटच नाही. साखर लघवीतून जाऊ शकते, कोलेस्टेरॉल पित्तातून जाते. लोह मोठ्या प्रमाणात जाते ते फक्त रक्त गेले तरच. पाळीतून महिन्याला साधारण पंधरा ते तीस मिलिग्रॅम लोह जाते. त्यामुळे मध्यमवयीन पुरुषाकडे एक ग्रॅमच्या आसपास साठा असतो, तर त्याच वयाच्या स्त्रीकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा.

पुढचा दुवा रसायनशास्त्राने पुरवला. मोकळे लोह हे ऑक्सिडेशन भडकवते. लोखंड गंजते त्याचीच ही शरीरातली भावंडे. ऑक्सिडेशन झालेले एलडीएल रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या भक्षक पेशी अधाशासारखे गिळतात, फुगतात आणि तिथेच साचतात. म्हणजे लोह, कोलेस्टेरॉल आणि दाह हे तिन्ही धागे एका गाठीत आले. (दाह म्हणजे इथे जळजळ नव्हे. जखमेला किंवा जंतूंना प्रतिकार करताना शरीर जो बंदोबस्त लावते, डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात, तो.)

तर्काला पहिला मोठा पाठिंबा फिनलंडमधून आला. पूर्व फिनलंडमध्ये तेव्हा हृदयविकाराचे प्रमाण जगात वरच्या क्रमांकांत होते. तिथल्या कुओपिओ भागातल्या १,९३१ पुरुषांचा अभ्यास युक्का सालोनेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. ज्यांचे फेरिटिन २००च्या वर होते त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका दुपटीहून थोडा अधिक निघाला. बातमी जगभर गेली. आज समाजमाध्यमांवर ‘फेरिटिन २००च्या वर नको’ असे जे फिरते, त्याचे मूळ बहुधा इथेच आहे. झटके आलेल्यांची संख्या त्यात पन्नासच्या घरात होती, हे मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

त्यानंतर इतर देशांतही हेच तपासले गेले. १९९९ साली जॉन डनेश आणि पॉल अ‍ॅपलबी यांनी तोवरचे असे बारा अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा लोहाचा साठा आणि हृदयविकार यांच्यात ठोस नाते दिसले नाही. फिनलंडमधल्याच रक्तदात्यांना झटके फार कमी येतात असेही एका अभ्यासात आढळले होते, पण त्यात एक मेख आहे. रक्तदान करायला येतो तो मुळातच धडधाकट माणूस असतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, अशक्तपणा असलेल्यांना शिबिराच्या टेबलावरच गाळले जाते. उरलेल्यांची हृदये चांगली असली, तर ती रक्त दिल्यामुळे चांगली आहेत की चांगली होती म्हणून रक्त देऊ शकले?

असा प्रश्न सोडवायचा खात्रीचा मार्ग एकच. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाचे लोह खरोखर कमी करायचे आणि वाट पाहायची. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हे झाले. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले १,२७७ रुग्ण घेतले. अर्ध्यांचे रक्त दर सहा महिन्यांनी काढून फेरिटिन खाली आणले गेले. २००७ साली निकाल आला. मृत्यूंच्या संख्येत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात एकत्र मोजले तरी नव्हता. वयाने तरुण असलेल्या रुग्णांत थोडा फायदा दिसला, आणि तर्काचे पाठीराखे आजही त्या आकड्याला धरून आहेत. पण एकूण चाचणी फसल्यावर आत शोधून काढलेल्या छोट्या गटावर मोठी इमारत उभारू नये, हा संशोधनातला जुना धडा आहे.

निसर्गानेही काही प्रयोग करून ठेवलेले आहेत. थॅलेसेमियाच्या मुलांना आयुष्यभर रक्त चढवावे लागते. त्यांच्या शरीरात लोहाचा डोंगर साचतो आणि तो खरोखर हृदयावर उठतो. पण कसा? हृदयाच्या स्नायूत लोह साचून स्नायू दुबळा होतो, ठोक्यांची लय बिघडते. आपण ज्याला ‘ब्लॉकेज’ म्हणतो तो रक्तवाहिन्यांचा आजार त्यात मुख्य नसतो. आणि २०१७ साली जनुकांच्या आधारे केलेल्या एका मोठ्या विश्लेषणात तर उलटाच कल निघाला. जन्मतःच ज्यांच्या जनुकांमुळे लोहाचे प्रमाण किंचित जास्त राहते, त्यांना करोनरी हृदयविकाराचा धोका थोडा कमी होता.

मग कुओपिओच्या पुरुषांचे फेरिटिन काय सांगत होते? उत्तराचा मोठा भाग २००० सालच्या आसपास सापडला, यकृतात तयार होणाऱ्या हेपसिडिन नावाच्या संप्रेरकाच्या रूपाने. जंतूंनाही वाढायला लोह लागते. म्हणून शरीरात कुठेही दाह सुरू झाला की यकृत हेपसिडिन सोडते, आणि ते लोहाच्या कोठारांची दारे बंद करते. आतड्यातून लोह रक्तात यायचे थांबते, पेशींतले लोह पेशींतच अडकते. त्याच वेळी फेरिटिनचे उत्पादनही वाढते. म्हणजे रक्तातले फेरिटिन दोन कारणांनी वर जाते, साठा वाढला म्हणून किंवा दाह आहे म्हणून. करोनाच्या रुग्णांचे फेरिटिन हजारांत जात होते ते त्यांनी आठवड्यात पालक जास्त खाल्ला म्हणून नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत ही गोष्ट थेट आकड्यांत उतरवली. निरोगी प्रौढात फेरिटिन १५च्या खाली असेल तर लोहाची कमतरता समजायची. पण संसर्ग किंवा दाह असेल तर ७०च्या खालीही कमतरताच समजायची. एकच आकडा, पण शेजारी काय चालले आहे त्यावर अर्थ बदलतो.

आपल्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या गृहस्थांचे ३८० याच चष्म्यातून पाहायला हवे. पोट सुटलेल्या मध्यमवयीन पुरुषात वाढलेल्या फेरिटिनची नेहमीची कारणे म्हणजे यकृतात साचलेली चरबी, मधुमेहाकडे झुकलेली साखर आणि दारू. खरोखर लोह साचले आहे का हे पाहायला ‘ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन’ ही साधी चाचणी आहे. ती ४५ टक्क्यांच्या वर असेल तर पुढचा तपास. युरोपीय वंशात आढळणारा लोह साचण्याचा आनुवंशिक आजार, तिथल्या नेहमीच्या जनुकदोषामुळे होणारा, भारतात अगदी विरळ आहे. त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत लाल बाण लोखंडी कढईकडे नव्हे, पोटाच्या घेराकडे आणि शनिवारच्या बैठकीकडे रोखलेला असतो. रक्तदान जरूर करावे, पण ते समोरच्या रुग्णासाठी. स्वतःचे फेरिटिन उतरवण्याचा उपचार म्हणून नव्हे.

आता ज्याकडे कोणी पाहिले नाही तो आकडा, एलडीएल. इथे पुरावा वेगळ्याच जातीचा आहे. १९१३ साली रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर तयार होताना दाखवले. ससा शाकाहारी, त्याचे माणसाला काय, असे म्हणून बरीच वर्षे ते बाजूला पडले. पुढे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी एलडीएल रक्तातून उचलून घेणारा रिसेप्टर शोधला आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळाले. आई आणि वडील अशा दोघांकडूनही या रिसेप्टरचे सदोष जनुक घेऊन जन्मलेल्या मुलांना विशीच्या आतच झटका येऊ शकतो. सिगारेट नाही, मधुमेह नाही, ताणतणाव नाही, केवळ एलडीएल. एकट्याने एवढे करून दाखवल्याचा असा पुरावा लोहाच्या बाबतीत कुठेच नाही.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय कुटुंबांत एक वेगळा जनुकबदल आढळला. त्यामुळे त्यांचे एलडीएल जन्मापासूनच २८ टक्के कमी राहते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या लोकांना करोनरी हृदयविकार होण्याचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी निघाले. एवढ्याशा घटीचा एवढा परिणाम, कारण ती घट पन्नास-साठ वर्षे रोज चालू होती. एलडीएलचा हिशेब कर्जाच्या व्याजासारखा साचत जातो, आणि म्हणून चाळिशीतला ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द मला पसंत नाही. तो ऐकून माणूस निर्धास्त होतो. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली दिलेल्या सूचनांत कमी धोका असलेल्या भारतीयांसाठीही एलडीएल १००च्या खाली असावे असे म्हटले आहे; मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर ७०च्या खाली, आणि झटका येऊन गेलेल्यांसाठी ५५च्या खाली. यामागे कारण आहे. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका येण्याचे मधले वय ५३ निघाले, इतर देशांत ते ५९च्या जवळ होते. कर्ता माणूस सहा वर्षे आधी आडवा होतो, तेव्हा मुलांची शिक्षणे संपलेली नसतात.

आणि एलडीएल उतरवल्याने फायदा होतो हे चाचण्यांनी दाखवले आहे. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. लोहाच्या चाचणीने जे दाखवता आले नाही, ते इथे पुन्हा पुन्हा दिसले.

राहिला दाह. त्याची कथा या दोघांच्या मधली आहे.

रक्तवाहिनीतला थर म्हणजे नळात साचलेला गाळ, ही कल्पना जुनी झाली. तो थर जिवंत असतो. त्यात पांढऱ्या पेशी येतात-जातात, त्याचे आवरण कधी जाड होते, कधी कुरतडले जाऊन पातळ होते. झटका येतो तो बहुधा आवरण फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाल्याने, आणि ते कुरतडण्याचे काम दाहाचे. अमेरिकी हृदयतज्ज्ञ पॉल रिडकर यांनी १९९७ साली दाखवले की रक्तातले सीआरपी हे दाहाचे चिन्ह आधीच वाढलेले असेल, तर वरवर निरोगी पुरुषांतही पुढे झटक्याचे प्रमाण जास्त असते.

पण चिन्ह आणि कारण एक नव्हे. धूर दिसला म्हणून धूर विझवून आग जात नाही. सीआरपी जनुकतःच जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त होत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. मग आग कुठे आहे? त्यासाठी रिडकर यांच्याच चमूने दोन वेगवेगळी औषधे वापरून पाहिली. कॅनाकिन्युमॅब हे औषध कोलेस्टेरॉलला हात न लावता दाहाची एक ठरावीक साखळी तोडते. झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवरच्या चाचणीत ते वापरले. २०१७च्या निकालात मधल्या मात्रेने झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू अशा घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. दाह कमी केल्याने हृदय वाचते, याचा हा पहिला सरळ पुरावा. किंमतही मोजावी लागली. जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू काही घटले नाहीत. दुसरे औषध, संधिवातात वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट, तर साफ नापास झाले. म्हणजे ‘दाह’ ही एकच वस्तू नाही. कोणती साखळी तोडता ते महत्त्वाचे.

सध्या चर्चा आहे ती गाऊटवरच्या जुन्या, स्वस्त कोल्चिसीनची. २०१९ आणि २०२०च्या दोन चाचण्यांत रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमने हृदयाच्या घटना अनुक्रमे २३ आणि ३१ टक्क्यांनी कमी झाल्या; २०२४ साली सात हजारांहून अधिक रुग्णांवरच्या तिसऱ्या चाचणीत मात्र काहीच फायदा दिसला नाही. प्रश्न अजून खुला आहे. एक इशारा इथेच देतो. आपल्याकडे पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच कोल्चिसीन असते आणि तो कंद जीव घेऊ शकतो. ‘नैसर्गिक कोल्चिसीन’ म्हणून कोणी चूर्ण देऊ लागला तर त्याला हात लावू नका.

दाह आणि कोलेस्टेरॉल यांतले नाते समजायला बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांइतके चांगले उदाहरण नाही. शेती, शिकार, मासेमारी करणारी ही माणसे दिवसाचा बराच वेळ पायांवर असतात. त्यांच्या पोटात जंत, अंगात वारंवार संसर्ग. निम्म्या लोकांचे सीआरपी वाढलेले. २०१७ साली त्यांच्यातल्या चाळिशीपुढच्या ७०५ जणांच्या हृदयाचे सीटी स्कॅन केले, तेव्हा ८५ टक्क्यांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचा ठिपकाही नव्हता. त्यांचे सरासरी एलडीएल होते ९१. आग आहे, पण जळायला इंधनच नाही. जंत आणि ताप यांनी होणारा दाह आणि चरबी, सिगारेट, प्रदूषण यांनी होणारा दाह एकसारखा नसेल हेही खरे, तरी एलडीएल खाली असताना नुसत्या दाहाला रक्तवाहिनी बुजवणे जमत नाही असे दिसते.

आता सलिव्हन यांच्या मूळ कोड्याकडे येऊ. स्त्रीला वाचवते ते कोण? इस्ट्रोजेनही एकटे नव्हे. पाळी गेलेल्या १६,६०८ अमेरिकी स्त्रियांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्या देऊन पाहणारी चाचणी २००२ साली मध्येच थांबवावी लागली, आणि तिच्यात हृदयविकार घटण्याऐवजी थोडा वाढलाच होता. आज जे दिसते ते असे, की रजोनिवृत्तीच्या त्या एक-दोन वर्षांत स्त्रीचे एलडीएल झपाट्याने वर चढते. पोटावर चरबी येते, रक्तदाब वाढू लागतो. बीजांडकोश ठेवले तरी गर्भाशय काढल्याने त्यांचे काम लवकर मंदावू शकते. आणि शस्त्रक्रियेची वेळ यावी अशा स्त्रियांत वजन, रक्तदाब यांच्या तक्रारी आधीपासूनच जास्त असतात. लोहाशिवायही कोडे बरेचसे सुटते.

निरीक्षण मात्र खरे होते आणि ते आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. मेयो क्लिनिकच्या २०१८च्या अभ्यासात, पस्तिशीच्या आत गर्भाशय काढलेल्या आणि बीजांडकोश राखलेल्या स्त्रियांना पुढे करोनरी हृदयविकाराचा धोका सुमारे अडीच पट दिसला. आपल्याकडे ‘पिशवी काढणे’ किती सहज उरकले जाते हे सांगायला नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या कमी वयातल्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली इतका गाजला की राज्य सरकारला समिती नेमावी लागली. चर्चा झाली ती मजुरीची, मुकादमाची, खासगी दवाखान्यांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण तिशीत पिशवी काढलेल्या बाईचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल चाळिशीत कोणी तपासते का, हा प्रश्न त्यात कुठे आला नाही.

बाईच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. त्यामुळे जिना चढताना धाप लागली, छाती भरून आली, की घरचे आणि कधीकधी डॉक्टरही ‘अशक्तपणा’ म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा तो असतोही. पण रक्त कमी असले की हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त राबावे लागते, आणि आत एखादी वाहिनी अरुंद झालेली असेल तर ती याच काळात बोलू लागते. पन्नाशीच्या बाईला चालताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी धाप किंवा छातीतला दाब, मग हिमोग्लोबिन कितीही असो, ईसीजी केल्याशिवाय सोडून देऊ नये.

लोह कमी असण्याने हृदयाचे भले होत नाही, हे तर आता हृदयतज्ज्ञांनीच दाखवले आहे. हृदयाचा पंप दुबळा झालेल्या आणि लोह कमी असलेल्या ४५९ रुग्णांवरच्या २००९ सालच्या एका चाचणीत अनेकांना शिरेतून लोह दिले गेले. त्यांची धाप कमी झाली, ते सहा मिनिटांत अधिक अंतर चालू लागले. रक्तक्षय नसलेल्यांनाही फायदा झाला. आज अशा रुग्णांच्या उपचारात शिरेतून लोह देणे रुळले आहे. एके काळी हृदयासाठी लोह काढून घेण्याचा विचार चालला होता, आता हृदयासाठी ते भरले जाते. तोंडाने दिलेल्या गोळ्यांनी मात्र या रुग्णांना फायदा झाला नाही. कारण पुन्हा तेच हेपसिडिन. दाहामुळे आतड्याचे दार बंद असते.

तर त्या घरातल्या बाईने गोळ्या सुरू ठेवायच्या आहेत, आणि रक्त नेमके कुठून जाते आहे, म्हणजे पाळीचा स्राव जास्त आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे आहे. दोघांनीही ‘बॉर्डरलाइन’ एलडीएल, रक्तदाब, साखर आणि घरातला हृदयविकाराचा इतिहास एकत्र घेऊन सल्ला घ्यायचा आहे. लायपोप्रोटीन(ए) ही चाचणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. सीआरपी सर्दी-तापात किंवा दात दुखत असताना करू नये, आकडा फुकट घाबरवतो.

गोळी पोटाला सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून ती एक दिवसाआड घेता येते. रोजच्या गोळीने हेपसिडिन वाढून दुसऱ्या दिवशीचे लोह कमी शोषले जाते, असे लोह कमी असलेल्या स्त्रियांवरच्या अभ्यासात दिसले आहे. सोबत लिंबूपाणी चालेल. चहा मात्र तासा-दोन तासांनी.